प्रेअरीवरील घर आणि त्याचा सातबारा

गेल्या वर्षी नाताळच्या सुटीत अमेरिकेहून आलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने परत जाताना मुलांच्या पुस्तकांची एक पिशवी आमच्या स्वाधीन केली. त्यांची स्वतःची मुले आता मोठी झाली होती. धर्मग्रामाच्या वाचनालयात ही पुस्तके इतर मुलांच्या हाती पडावीत, एवढीच त्यांची इच्छा. त्या पिशवीत एक पातळसे, रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले. त्याचे नाव ‘अ लिटल प्रेअरी हाऊस’. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गानंतर लहान मुलांना आम्ही ते चित्रे दाखवीत मराठीतून सांगत होतो. नातवाला न्यायला आलेले एक वृद्ध शेतकरी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. गोष्ट संपली, चित्रातील घर बांधून झाले, तेव्हा ते म्हणाले, “फादर, घर झकास बांधलं हो. पण जागा कोणाची? सातबारा कोणाच्या नावावर?”

मुले हसली, आम्हीही हसलो. परंतु घरी परतल्यावर लक्षात आले की, आजोबांच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधू लागलो आणि शोधता शोधता आमच्याच धर्मगुरूंपर्यंत जाऊन पोहोचलो. तो शोध वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पुस्तकाविषयी. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने १९३२ पासून आपल्या बालपणावर आधारलेल्या कादंबऱ्यांची एक माला लिहिली. त्यांतील ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही १९३५ साली प्रसिद्ध झाली. कादंबरी वाचण्याचे वय न झालेल्या मुलांसाठी पुढे १९९० च्या दशकात तिच्यातील निवडक प्रसंग चित्रपुस्तकांच्या रूपाने निघाले. आमच्या हाती आलेले पुस्तक १९९८ सालचे. चित्रे रेने ग्रेफ यांची. १९५३ च्या आवृत्तीसाठी गार्थ विल्यम्स यांनी काढलेली चित्रे अमेरिकेत घरोघरी परिचित आहेत, त्यांचेच वळण या नव्या चित्रांना दिलेले आहे. कथा अगदी साधी. आई, वडील आणि त्यांच्या लहान मुली छपराच्या घोडागाडीतून प्रवास करीत एका अफाट गवताळ प्रदेशात येऊन उतरतात. वडील ओढ्याकाठची झाडे तोडून ओंडके आणतात, त्यांच्या टोकांना खाचा पाडून एकावर एक रचतात. एडवर्ड्स नावाचा शेजारी मदतीला येतो. घर उभे राहते, रात्री वडील फिडल वाजवितात, आणि पुस्तक संपते.

प्रेअरी या शब्दाला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द नाही. माळरान म्हणावे तर आपल्या माळावर खडक वर आलेला असतो आणि गवत गुडघ्याएवढे. प्रेअरीची माती खोल व सुपीक, आणि तिच्या पूर्व भागातील गवत माणसाच्या डोक्यावर जाणारे. झाडे काय ती ओढ्या-नद्यांच्या काठीच. म्हणून कॅन्ससमध्ये ओढ्याजवळ उतरलेल्या या कुटुंबाला ओंडक्यांचे घर बांधता आले. आणखी पश्चिमेकडे गेलेल्यांना तेही भाग्य नव्हते. ते नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे कापीत आणि त्यांच्याच भिंती रचीत. जळणाला लाकूड नसे, तेव्हा रानगव्यांचे वाळलेले शेण वेचून आणीत. गोवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या आमच्या आजी-मावश्यांना त्यात नवल वाटणार नाही, पण पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या त्या गृहिणींना प्रथम ते शेण हाताने उचलणेही जड गेले.

मूळ कादंबरीत घर बांधण्याचे वर्णन इतके तपशीलवार आहे की, सुताराने वाचले तरी त्याने मान डोलवावी. दाराला खिळे नाहीत, तर लाकडी खुंट्या. कडीला चामड्याची दोरी, ती भोकातून बाहेर सोडलेली. दिवसा दोरी बाहेर असली की कोणीही ओढून आत यावे, रात्री आत घेतली की दार बंद. विहीर खणण्याचा प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. रोज सकाळी खाली उतरण्यापूर्वी वडील पेटती मेणबत्ती विहिरीत सोडून पाहतात. शेजारी एक दिवस तेवढ्यासाठी कशाला थांबायचे म्हणून तसाच उतरतो आणि तळाशी साचलेल्या विषारी वायूने बेशुद्ध पडतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आमच्या धर्मग्रामातील जाणती माणसेही सांगतात. श्रम करणाऱ्या माणसांचे शहाणपण सगळीकडे सारखेच, असे ते प्रकरण वाचताना आम्हांस वाटले. या कुटुंबाचे कष्ट, एकमेकांवरील माया, रविवार पाळण्याची निष्ठा, नाताळात मिळालेल्या पत्र्याच्या पेल्याचा मुलींना झालेला आनंद, हे सारे खरे आहे. पुढे जे लिहिणार आहोत, त्याने त्याचे मोल कमी होत नाही.

आता सातबारा.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील वसाहतीचा विषय निघाला की १८६२ च्या होमस्टेड कायद्याचे नाव प्रथम घेतले जाते. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी त्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही नागरिकाने किंवा कुटुंबप्रमुखाने थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगावा, पाच वर्षे तेथे राहून ती कसावी, आणि मग ती त्याच्या मालकीची व्हावी, अशी ती योजना. आपल्याकडील ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेची कोणालाही आठवण व्हावी. पण आपल्या कूळकायद्यात कसणारा हा जमिनीवर आधीपासून राबणारा होता. तिकडे आधीपासून असणाऱ्याला हलवून कसणाऱ्याला जागा करून द्यायची होती. आणि गंमत अशी की, चित्रपुस्तकातील त्या घराला होमस्टेड कायदाही लागू नव्हता. ती जमीन सरकारी नव्हतीच. ती ओसेज लोकांची होती.

ओसेज हे अमेरिकेतील एक मूलनिवासी राष्ट्र. उंचापुरी माणसे, मका पिकविणारी आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व हिवाळ्यात, रानगव्यांच्या शिकारीसाठी सबंध गावांनिशी पश्चिमेकडे जाणारी. १८०८ पासून एकामागून एक तह करून त्यांच्याकडून मिसुरी, आर्कान्सा, कॅन्सस येथील विस्तीर्ण प्रदेश घेण्यात आला. १८६५ साली, यादवी युद्ध संपल्यावर, आणखी एक तह झाला. त्यानुसार कॅन्ससमधील त्यांच्या राखीव प्रदेशाची पूर्वेकडील पट्टी त्यांना सोडावी लागली. जी उरली तिला सरकारी भाषेत ‘ओसेजांचा घटविलेला राखीव प्रदेश’ असे नाव पडले. त्या नावातच सारा इतिहास आहे. या उरलेल्या भागात गोऱ्या वसाहतवाल्यांनी येऊन राहणे तहाच्या विरुद्ध होते.

तरी ते आले, शेकड्यांनी आले. युद्धातून सुटलेले सैनिक, पूर्वेकडे जमीन न परवडणारे शेतकरी, सरकार आज ना उद्या ओसेजांना हलवील तेव्हा आपण जागेवर हजर असावे असा हिशेब करणारे. १८६९ साली चार्ल्स इंगल्स हे पत्नी कॅरोलाइन आणि मेरी व लॉरा या दोन मुलींसह इंडिपेंडन्स या नव्या गावापासून सुमारे १३ मैलांवर येऊन उतरले. ऑगस्ट १८७० च्या जनगणनेत त्यांच्या कुटुंबाची नोंद आहे. त्याच महिन्यात तिसरी मुलगी कॅरी तेथे जन्मली. लॉरा तेव्हा अवघी साडेतीन वर्षांची होती. कादंबरीत हे घर गावापासून ४० मैलांवर आणि ‘इंडियन टेरिटरी’त असल्याचे सांगितले आहे, कारण लेखिकेला ते आई-वडिलांकडून ऐकून माहीत होते, स्वतःला आठवत नव्हते. पुढे संशोधकांनी त्याच जनगणनेच्या आधारे जागा शोधून काढली. ती कॅन्सस राज्यातील ओसेज राखीव प्रदेशात होती. म्हणजे आजोबांच्या भाषेत सांगायचे तर सातबारा ओसेजांच्या नावावर, आणि बांधकाम बेकायदा.

ओसेज शिकारीला गेले की मागे त्यांच्या गावांत काय घडे, याची नोंद त्यांच्यासाठी नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीने, आयझॅक गिब्सन या क्वेकर गृहस्थाने, १८७० च्या आपल्या अहवालात करून ठेवली आहे. त्यांच्या शेतांवर कब्जा झालेला असे, मक्याची कोठारे लुटलेली असत, घोडे चोरलेले असत, पूर्वजांची थडगीदेखील उकरलेली असत. या दोन लोकांपैकी रानटी कोणाला म्हणावे, असा प्रश्न त्या सरकारी नोकराने सरकारलाच विचारला. इंगल्स कुटुंबाने यांतले काही केले असे कोणी म्हणत नाही. पण ज्या लोंढ्याने हे केले, त्याच लोंढ्याबरोबर त्यांची गाडीही आली होती.

येथवर ही दूरच्या देशातली, दुसऱ्यांची गोष्ट होती. पण इंगल्स यांच्या घरापासून ईशान्येस पन्नासेक मैलांवर, निओशो नदीच्या काठी, ओसेज मिशन नावाचे ठाणे होते, आणि ते येशूसंघीय धर्मगुरूंचे होते.

फादर जॉन शूनमाकर्स हे मूळचे हॉलंडचे. एप्रिल १८४७ अखेरीस ते आणि बेल्जियमचे फादर जॉन बॅक्स तेथे पोहोचले व त्यांनी मुलांची शाळा सुरू केली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत केंटकीहून लोरेटो संघाच्या धर्मभगिनी आल्या. त्यांनी ओसेज मुलींची शाळा चालू केली. फादर बॅक्स १८५२ साली साथीच्या रोगात ओसेजांची शुश्रूषा करता करता स्वतः आजारी पडून निवर्तले. त्यांच्या मागून आलेले इटलीचे फादर पॉल पोंझिलियोने यांनी जवळजवळ चाळीस वर्षे त्या प्रदेशात घोड्यावरून फिरून सेवा केली. ओसेज या सर्वांना ‘काळे झगेवाले’ म्हणत, आणि त्यांच्यावर त्यांचा विश्वास होता. सेमिनरीत असताना मिशनांचा इतिहास शिकताना अशा धर्मगुरूंची चरित्रे आम्ही भारावून वाचली होती. ते भारावणे आजही कमी झालेले नाही.

परंतु १८६५ च्या ज्या तहाने ओसेजांची पट्टी गेली, त्याचे सहावे कलम आम्ही अलीकडे प्रथमच वाचले. मिशनने केलेल्या कामाच्या मोबदल्यात एक सेक्शन, म्हणजे ६४० एकर जमीन, फादर शूनमाकर्स यांच्या नावे संघासाठी विश्वस्त म्हणून देण्यात आली होती. शिवाय लगतचे आणखी दोन सेक्शन एकरी सव्वा डॉलरने विकत घेण्याची त्यांना मुभा होती. त्यांनी ती स्वतःसाठी घेतली नाही, शाळांसाठी घेतली, हे खरे आहे. ओसेज मुलांना शिक्षण मिळावे म्हणूनच मिशन होते, हेही खरे. पण ज्या कागदाने ओसेजांच्या हातून जमीन सुटली, त्याच कागदाने ती थोडीशी आमच्या हाती आली, हे वाचून आम्ही बराच वेळ तो कागद बाजूला ठेवू शकलो नाही.

पुढे काय झाले ते लवकर घडले. १८६८ मध्ये एका रेल्वे कंपनीने ओसेजांची सुमारे ८० लाख एकर जमीन १६ लाख डॉलरांना, म्हणजे एकरी वीस सेंट दराने, घेण्याचा तह करवून घेतला. त्यावर फार ओरड झाली. ओसेजांसाठी नव्हे, तर इतकी जमीन एका कंपनीच्या घशात गेली तर वसाहतवाल्यांना काय उरणार, म्हणून. तो तह सेनेटने कधीच मंजूर केला नाही. मग जुलै १८७० मध्ये काँग्रेसने कायदा केला की, ओसेजांनी दक्षिणेस इंडियन टेरिटरीत जावे, आणि त्यांची कॅन्ससमधील जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकून ते पैसे ओसेजांच्या नावे सरकारी खजिन्यात पाच टक्के व्याजाने ठेवावेत. सप्टेंबरमध्ये इंडिपेंडन्सजवळ ड्रम क्रीक येथे ओसेजांची सभा भरली आणि त्यांनी संमती दिली. संमती हा शब्द कागदावरचा आहे. शेते गेली होती, कोठारे लुटली गेली होती, आणि नकार दिल्यास आणखी काय होईल हे त्यांना दिसत होते. त्या शरद ऋतूत हिवाळी शिकारीला निघालेले ओसेज कॅन्ससच्या गावांत पुन्हा राहायला आले नाहीत.

कादंबरीत याचे एक विलक्षण प्रकरण आहे. घोड्यांवरून, पायी, बायका-मुलांसह जाणाऱ्या ओसेजांची न संपणारी रांग घरासमोरून जाते आणि दारात उभी राहून लहान लॉरा ती पाहते. मूळ कादंबरीत ओसेज पुष्कळ ठिकाणी येतात, कधी भीतिदायक, कधी उदार, पण येतात. आईला ते नकोसे वाटतात. शेजारी म्हणतात, जो जमीन कसत नाही त्याला ती ठेवण्याचा काय अधिकार. वडील त्यांच्याविषयी अधिक आदराने बोलतात, पण राहतात त्यांच्याच जमिनीवर. आणि एक प्रसंग असा की, छोटी लॉरा आईला विचारते, ते जर तुला आवडत नाहीत तर आपण त्यांच्या देशात आलो कशाला? दुसऱ्या एका रात्री ती वडिलांना विचारते की, त्यांना येथून घालवले तर त्यांना राग येणार नाही का? तेव्हा आता प्रश्न पुरे, झोप, असे तिला सांगितले जाते. आमच्या आजोबांनी विचारलेला प्रश्न त्या घरातल्याच मुलीने आधी विचारलेला होता. चित्रपुस्तकात मात्र त्याला जागा नाही. घर उभे राहिले की ते पुस्तक मिटते.

या कथेतील आणखी एक प्रकरण आम्हांला फार जवळचे वाटले, म्हणून विषय थोडा बाजूला ठेवून सांगतो. घर झाल्यावर सारे कुटुंब हुडहुडीच्या तापाने एकदम आडवे होते. पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. ओढ्याकाठी पिकलेली कलिंगडे खाल्ल्याने किंवा रात्रीच्या दमट हवेने ताप येतो, अशी शेजाऱ्यांची समजूत. तो हिवताप होता. डासांतून तो पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे दाखवून दिले १८९७ मध्ये, म्हणजे यानंतर सत्तावीस वर्षांनी. कुटुंबाला वाचविले ते डॉक्टर जॉर्ज टॅन या कृष्णवर्णीय वैद्याने. ओसेजांवर आणि वसाहतवाल्यांवर तो सारखाच उपचार करीत असे, आणि त्याचे थडगे आजही इंडिपेंडन्सला आहे. त्याने दिलेली कडू पूड म्हणजे कोयनेल. ज्या सालीपासून ते निघते ती पेरूहून सतराव्या शतकात युरोपात आणण्यात येशूसंघीयांचा मोठा हात होता, आणि पुष्कळ काळ तिला ‘येशूसंघीयांची साल’ म्हणत. पन्नास मैलांवरच्या मिशनशी ज्या कुटुंबाचा काही संबंध नव्हता, त्याच्यापर्यंत काळ्या झगेवाल्यांची ही साल अशी पोहोचली होती.

१८७१ च्या वसंतात इंगल्स कुटुंबाने ते घर सोडले. कादंबरीत सरकारी सैनिक हुसकावणार असल्याची बातमी येते, आणि वडील रागाने निघतात. प्रत्यक्षात कायदा तोवर वसाहतवाल्यांच्या बाजूने झाला होता, पैसे भरून जमीन घेता आली असती. पण विस्कॉन्सिनमधील त्यांचे जुने घर ज्याने घेतले होते, त्याला त्याचे पैसे देणे जमेना, म्हणून ते परत गेले. एवढे श्रम करून बांधलेले घर दीड-दोन वर्षेच त्यांचे राहिले. पुढेही दैव त्यांच्यावर प्रसन्न झाले नाही. मिनेसोटात गव्हाचे उभे पीक टोळधाडीने खाल्ले. त्याच टोळधाडीत कोल्ड स्प्रिंग येथील जर्मन कॅथलिक शेतकऱ्यांनी नवस बोलून १८७७ मध्ये मरियामातेचे प्रार्थनामंदिर बांधले. ते वादळात पडले आणि १९५२ मध्ये दगडात पुन्हा उभे राहिले. १८७६ मध्ये इंगल्स यांचा एकुलता मुलगा नऊ महिन्यांचा होऊन वारला. १८७९ मध्ये थोरली मेरी आंधळी झाली. अखेर हे कुटुंब डाकोटातील दे स्मेट या गावी स्थिरावले. त्या गावाला नाव मिळाले होते फादर पिएर-जाँ दे स्मेट यांचे. १८६८ मध्ये युद्ध थांबावे म्हणून सिटिंग बुल यांच्या छावणीत जाऊन आलेले हे बेल्जियमचे येशूसंघीय.

पुस्तकाचा इतिहास मात्र तेथे संपत नाही. कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत सुरुवातीलाच त्या प्रदेशाचे वर्णन करताना, तेथे माणसे नाहीत, केवळ इंडियन राहतात, अशा अर्थाचे एक वाक्य होते. सतरा वर्षे कोणाला ते खटकले नाही. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहून विचारले की, इंडियन माणसे नव्हेत काय? संपादिका उर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी नंतर कबूल केले की, ते वाक्य आपल्याही नजरेतून सुटले होते. लेखिका तेव्हा पंच्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांनी चूक मान्य केली, आणि १९५३ च्या आवृत्तीपासून ‘माणसे’ या जागी ‘वसाहतवाले’ हा शब्द आला. एका शब्दाची दुरुस्ती, पण ती व्हायला गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांची आवृत्ती यावी लागली. पुढे जून २०१८ मध्ये अमेरिकेतील बालसाहित्य ग्रंथपालांच्या संघटनेने १९५४ पासून वाइल्डर यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव बदलले. त्यावर तेथे बराच वाद झाला. आम्हांला स्वतःला नाव बदलण्यापेक्षा पुस्तकाशेजारी दुसरे पुस्तक ठेवणे अधिक उपयोगाचे वाटते. लुईस अर्ड्रिक यांची ‘द बर्चबार्क हाऊस’ ही १९९९ ची कादंबरी तशी आहे. सुपीरिअर सरोवरातील एका बेटावर १८४७ साली राहणाऱ्या ओजिब्वे कुटुंबातील लहान मुलीची ती गोष्ट. तेथेही घर बांधले जाते, साखर शिजते, आजी गोष्टी सांगते, आणि देवीची साथ येते. आम्ही ती मागविली आहे, आणि ती वाचनालयात त्याच फळीवर राहील.

पुढच्या रविवारी आजोबा आले तेव्हा आम्ही त्यांना हे सारे थोडक्यात सांगितले. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. एकरी भाव किती? सव्वा डॉलर. मग पैसे मिळाले का त्यांना? मिळाले, असे आम्ही सांगितले, खजिन्यात जमा झाले. त्याच पैशांतून ओसेजांनी १८७२ मध्ये चेरोकी राष्ट्राकडून सुमारे १५ लाख एकर जमीन विकत घेतली, आजच्या ओक्लाहोमा राज्यात. ती खडकाळ आहे, गोऱ्यांना तिचा मोह पडणार नाही, म्हणून ती घ्यावी, असे त्यांच्यातील एका नेत्याने सुचविले होते असे सांगतात. म्हणजे या वेळी खरेदीखत त्यांचे. आजोबांनी समाधानाने मान हलवली. मग आम्हांला पुढचेही सांगावे लागले. १८९७ मध्ये तेथे तेल सापडले. १९०६ च्या कायद्याने खनिजांचा हक्क साऱ्या ओसेजांचा सामाईक राहिला, आणि ते श्रीमंत झाले. १९२० च्या दशकात त्या हक्कांसाठी त्यांतील अनेकांचे खून झाले. काहींना तर त्यांच्याच घरात लग्न करून आलेल्या गोऱ्या माणसांच्या कारस्थानाने मारले. आजोबा काही बोलले नाहीत.

निओशोकाठच्या मिशनची हकीकत थोडी राहिली. ओसेज गेल्यावर त्यांच्या मुलींसाठी काढलेली शाळा वसाहतवाल्यांच्या मुलींची निवासी शाळा झाली, आणि चांगली नावाजली गेली. १८९५ मध्ये ती जळाली, आणि त्याच वर्षी गावाचे नाव बदलून सेंट पॉल झाले. फादर शूनमाकर्स १८८३ मध्ये तेथेच वारले. फादर पोंझिलियोने मात्र ओसेजांच्या मागोमाग दक्षिणेस जात राहिले, दिवसचे दिवस घोड्यावर, मिस्सेचे साहित्य खोगिराच्या पिशवीत घेऊन. नव्या भूमीत त्यांनी मुलांना स्नानसंस्कार दिले, विवाह लावले, मृतांना माती दिली. पुष्कळ ओसेज आजही कॅथलिक आहेत.

त्यांच्या राजधानीचे गाव पॉहस्का. तेथील निष्कलंक गर्भसंभव चर्चमध्ये म्युनिचला तयार झालेली रंगीत काचेची एक मोठी खिडकी आहे. तिचे छायाचित्र आम्ही पाहिले. फादर शूनमाकर्स काळ्या झग्यात उभे आहेत आणि त्यांच्यासमोर, भोवती, ओसेज स्त्री-पुरुष आपापल्या पोशाखात, खांद्यावर शाल, डोक्यावर पीस. ती खिडकी बसविली तेव्हा त्यांतील काही जण हयात होते, आणि जिवंत माणसांची चित्रे चर्चच्या खिडकीत असावीत यासाठी रोमहून खास परवानगी आणावी लागली, असे तेथील लोक सांगतात. चित्रपुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाला आम्ही त्या छायाचित्राची एक प्रत डकवून ठेवली आहे. मुले पुस्तक उघडतात ती बहुधा मागच्या बाजूनेच, आणि आधी या माणसांची नावे विचारतात.